बडीशेपेशेजारची बाटली

गावभाग, सांगली
रविवार सकाळ

प्रिय सुमे,

फोन करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे एकदा सलग सांगायचंय. 2019 च्या पुरात तू दिवसातून दोनदा फोन करून विचारायचीस, ‘कितवी पायरी?’ आणि मी तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला साधी चौकशीसुद्धा केली नाही. शिव्या राखून ठेव, पुढे लागतील.

माझी तब्येत बरी. हिमोग्लोबिन 7.8 निघालं, पाळी जाता जाता सूड घेऊन चाललीय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. महिनाभर मी सगळ्या गोळ्या एकदम, चहाच्या घोटाबरोबर घेतल्या. आकडा आठावर. ‘कशाबरोबर घेता?’ विचारल्यावर खरं सांगितलं तर बाईंनी कपाळाला हात लावला. आता सकाळी सातला थायरॉइडची, तिच्यापासून चार तास लांब लोहाची, तीही लिंबूपाण्याबरोबर, आगेमागे चहा नाही, कॅल्शियम थेट रात्री. आपल्या वाड्यातला नळसुद्धा इतका वेळ पाळायचा नाही. संडास काळी होते म्हणून घाबरले होते, पण ते लोहाचंच. आणि आकडा वर आला तरी पुढे तीन महिने गोळी सोडायची नाही, कारण साठा भरायचा असतो म्हणे. वन्संनी त्यातली एक पट्टी मागितली होती, त्यांनाही थकवा येतो म्हणून. दिली नाही. शकूच्या मुलीला वर्षभर लोह चारलं आणि शेवटी थॅलेसेमिया मायनर निघाला, आठवतंय ना?

आता मुद्दा. माझी नखं पार पातळ झालीत, मधे खोलगट, चमच्यासारखी. पट्टीतून गोळी दाबून निघेना. म्हणून एका दुपारी बसून तीनही पट्ट्या कात्रीने कापल्या आणि तीस गोळ्या काचेच्या बाटलीत भरल्या. लालचुटुक, गुळगुळीत. बाटली ठेवली टेबलावर, बडीशेपेच्या डबीला लागून. ओजसला जेवल्यावर चिमूटभर बडीशेप मीच देते, त्यातल्या रंगीत गोळ्या निवडून निवडून.

मंगळवारी तो टेबलाखाली सापडला. ओठ लाल, जीभ लाल. ‘आजी, शोप,’ म्हणाला आणि मूठ उघडली. तळहातावर अर्धी चघळलेली गोळी.

मोजल्या. 19 असायला हव्यात, 15 होत्या. पण रविवारी मी घेतली होती की विसरले होते? सुमे, ती एक गोळी मला आठवेना. शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन धावल्या, पोराच्या ओठाला पेला लावला, तेवढ्यात सुनेने तो हातातून काढून मोरीत ओतला आणि रिक्षा बोलावली. मिरजेपर्यंत दोन उलट्या, काळपट. डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या: गोळीत लोह किती, गोळ्या किती, पोराचं वजन किती. शंभर मिलिग्रॅम, चार किंवा पाच, बारा किलो. ‘पाच धरू. किलोमागे 40 च्या वर गेलं,’ म्हणाले. 20 च्या वर पोटाला त्रास, 60 च्या वर जिवाशी गाठ. एक्स-रेत पोटात एक पांढरा ठिपका दिसला, ती न चावलेली गोळी.

संध्याकाळी तो उठून खेळायला लागला. मी म्हटलं, झालं, आता घरी नेऊ. तर डॉक्टर म्हणाले, लोहाचं हेच फसवं असतं. उलट्या थांबतात, मूल हसतं, आणि दुसऱ्या दिवशी यकृत बसतं. रात्रभर ठेवलं, रक्त पुन्हा तपासलं. उतारा द्यावा लागला नाही. बुधवारी संध्याकाळी घरी आलो, रिक्षात भडंग मागत होता.

पण पत्र याच्यासाठी नाही. रात्री राउंडला आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ‘उलटी करवायला मिठाचं पाणीबिणी पाजलं नव्हतं ना?’ आणि मला 98 साल आठवलं. मी त्यांना विचारलंच, रॉकेल प्यायलेल्या मुलाला पाजलं तर? म्हणाले, ते तर अजिबात नाही. रॉकेल पोटात असतं तेवढं परवडतं, उलटीबरोबर फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया.

तुझा बंड्या रॉकेल प्यायला तेव्हा त्याला मिठाचं पाणी मी पाजलं होतं, सुमे. तू नको नको म्हणत होतीस आणि मी त्याचं नाक दाबलं होतं. वर त्याच्या दुखण्याच्या त्या अकरा दिवसांत, तुझ्या सासूसमोर, ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ असं मीच विचारलं. आठ महिने तू बोलली नाहीस, तर ‘सुमी फारच तुसडी’ म्हणून मी गावभर सांगत फिरले. सरबताच्या बाटलीत रॉकेल ठेवलंस हे चुकलंच तुझं, ते मी आजही म्हणेन. पण न्यूमोनिया माझा होता.

सून मला एक शब्द बोललेली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. बाटली नाहीशी झाली, नवी पट्टी तिच्या कपाटात कुलपात आहे. रोज अकराला ती स्वतः एक गोळी दाबून काढते, माझ्या तळहातावर ठेवते, लिंबूपाण्याचा पेला देते आणि गिळेपर्यंत उभी राहते. काल हात थरथरला, गोळी खाली पडली. दोघी एकदमच वाकलो. तिला आधी सापडली.

बंड्याची नागपूरला बदली झाली हे ऐकलं. त्याला आता धाप वगैरे लागत नाही ना? जिना चढताना? नीट विचारून कळव, माझं नाव न घेता. गुडघ्याचा व्यायाम करतेस का, की टीव्हीसमोर नुसती बसतेस?

अकरा वाजले, हाक आलीच. भडंगाचा पुडा सोबत पाठवतेय, कमी तिखट.

तुझी
मंगी