बाबा, घड्याळ गुरुवारी पोहोचेल

पुणे, सोमवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
मुक्ताचा शि. सा. नमस्कार.

बाबा, आधीच सांगून टाकते, म्हणजे फोनवर वाद नको. तुमच्यासाठी घड्याळ घेतलं आहे. पैसे भरून झालेत, गुरुवारी कुरियर इंदूरला, लोकमान्य नगरच्या घरी येईल. परत पाठवायचं नाही.

तुमचं ते किल्लीचं जुनं एचएमटी 'जनता' घड्याळ काढून टाका असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. पण दिवाळीत आले होते तेव्हा पहाटे तुम्हाला झोपाळ्यावर पाहिलं. जनता छातीशी धरून किल्ली देत होतात. चिमटीतून किल्ली निसटत होती, अंगठा लेंग्याला पुसून तुम्ही ती पुन्हा धरत होतात. असं चारदा झालं. मग स्वयंपाकघरात जाऊन काही न बोलता घड्याळ आईपुढे धरलंत. तिने कुटाचे हात पदराला पुसले आणि किल्ली दिली. हे मला आईने सांगितलेलं नाही, तिच्यावर रागावू नका. मी दारात उभी होते. आणि तिची बोटंसुद्धा सकाळी धड वळत नाहीत, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

दादाचं म्हणणं होतं की स्मार्टवॉच घेऊ, त्यात नाडीचे ठोके कळतात. मीच नको म्हटलं. त्याला चार्जिंग लावा, चष्मा शोधा, बोटाने पडदा सरकवा. सेलचंही नको, कारण सेल संपला की घड्याळ मेलं असं तुम्हीच म्हणता. म्हणून ऑटोमॅटिक. आत अर्धचंद्रासारखं एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. जपानी सेको कंपनीचं सेको फाइव्ह आहे. मागच्या झाकणाला काच आहे, त्यातून ते वजन फिरताना दिसतं. राजवाड्याजवळच्या घड्याळवाल्याने जनताचं झाकण उघडलं होतं तेव्हा तुम्ही मला कडेवर उचलून आतलं चक्र दाखवलं होतं. मी कितीतरी वेळ श्वास रोखून बघत होते. आता हे रोज बघा.

दिसायला ते नवं वाटणार नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. याला फील्ड वॉच म्हणतात, सैनिकांच्या घड्याळांवरून घेतलेला घाट. १९४५ मध्ये ब्रिटिश फौजेने १२ स्विस कंपन्यांकडून घड्याळं करून घेतली होती. काळी तबकडी, त्यावर ठसठशीत पांढरे आकडे, अंधारात दिसणारे काटे. महूच्या लष्करी छावणीतल्या नोकरीत साहेबांच्या हातावर असलीच साधी घड्याळं असायची, असं तुम्हीच सांगायचात. यात बारा आकड्यांच्या आत बारीक १३ ते २४ पण आहेत, रेल्वेच्या वेळेसाठी.

किमतीची काळजी करू नका. हॅमिल्टनचं खाकी फील्डही पाहिलं, फार देखणं आहे, पण ते कितीतरी महाग, आणि त्यातलं जे मला आवडलं त्यालाही हातानेच किल्ली द्यावी लागते. मग उपयोग काय? शिवाय हे घेताना आमचं काही अडलेलं नाही. यंदा बोनस झाला, अमोललाही विचारलं होतं, तो लगेच हो म्हणाला.

आई, तू रेडियमला घाबरशील. यात रेडियम नाही. उजेड शोषून चमकणारा रंग आहे, त्याने काही अपाय होत नाही. आता बाबांनी रात्री उठून वेळ बघायला ट्यूबलाइट लावायची नाही, म्हणजे तुझी झोप मोडणार नाही. पट्टा न घेता स्टीलची चेन घेतली, कारण बकलच्या भोकात टोक घालणं बाबांना जड जातं. ही बटण दाबलं की उघडते. जनतापेक्षा थोडं जड आहे, चार दिवस मनगटाला जाणवेल. किल्ली चारच्या आकड्याशी आहे, त्यामुळे हाताला टोचणार नाही.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. हे पूर्ण भरलं की सुमारे ४१ तास चालतं, पण भरतं ते हात हलला तरच. दोन दिवस नुसते झोपाळ्यावर बसलात तर थांबेल. म्हणून सकाळी दूध आणायला तुम्हीच जायचं, आणि संध्याकाळी आईला घेऊन बागेपर्यंत. थांबलंच तर मला फोन करा, मी रागावणार नाही. वाटलं तर थोडी किल्ली हातानेही देता येते, आणि ती फार सैल फिरते. दोन वळसे दिलेत तरी चालेल. जास्त दिल्याने स्प्रिंग तुटत नाही, ती आतल्या आत घसरते.

आता नीट ऐका. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख-वार बदलायचं नाही, आतले दाते बिघडतात. मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरजवळ ठेवायचं नाही. दिवसाला काही सेकंद पुढे-मागे होईल. कंपनीच ४५ सेकंद पुढे, ३५ मागे एवढी सूट धरते. दर सोमवारी जुळवा, आकाशवाणीच्या बातम्यांना जनता जुळवायचात तसं. आणि काचेवर टूथपेस्ट घासायची नाही, ही जनतासारखी प्लास्टिकची काच नाही.

जनताला मी पुण्याला नेणार नाही. आजोबांनी लग्नात दिलेलं घड्याळ त्याच घरात राहील. रविवारी दोघांनी मिळून किल्ली द्या. लहानपणी सराफ्यातून भुट्ट्याचा कीस खाऊन परत येताना मी तुमच्या मनगटावर कान ठेवून झोपायचे ना? तो आवाज मला अजून ऐकायचा आहे. मेमध्ये येते आहे, तेव्हा जनता माझ्या उशाशी ठेवा.

गुरुवारी खोकं सुरीने उघडू नका, आईकडून उघडून घ्या.

तुमची
मुक्ता

ता. क. चेन सैल होईल, दोन-तीन कड्या काढाव्या लागतील. राजवाड्याला स्कूटरवर जायचं नाही, रिक्षा करा. काढलेल्या कड्या जनताच्या डबीत ठेवा.