मासिक व्याख्यान : क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी (सभासदांसाठी सूचना)

सर्व सभासदांस सविनय कळविण्यात येते की, मंडळाचे या महिन्याचे व्याख्यान येत्या रविवारी सायंकाळी 5 वाजता इंदूरच्या रामबागेतील आपल्या सभागृहात होईल. विषय आहे वाळव्याचे (जि. सांगली) माजी आमदार नागनाथअण्णा नायकवडी (1922 ते 2012) यांचे जीवनकार्य.

प्रतिसरकारच्या (इंग्रज राजवटीविरुद्ध सातारा भागात उभारलेल्या समांतर सरकारच्या) लढ्यात 1944 साली चिमठाण्याजवळ (जि. धुळे) सरकारी खजिना लुटण्यात ते सामील होते, आणि त्याच वर्षी साताऱ्याच्या तुरुंगाची भिंत ओलांडून ते निसटले, हे अनेकांना ठाऊक आहे. व्याख्यानाचा भर मात्र त्यांच्या नंतरच्या कामावर राहील. धरणासाठी ज्याचे घर-शेत बुडाले, त्याला त्याच प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात (धरणाचे पाणी मिळणाऱ्या भागात) ओलिताची जमीन आणि सोयींसह गावठाण मिळालेच पाहिजे, या मागणीसाठी त्यांनी धरणग्रस्तांना संघटित केले व उतारवयातही त्यांचे मोर्चे चालविले. दुसरीकडे ते साखर कारखान्याचे संस्थापक होते, म्हणजे ज्या पाण्याने ऊस पिकतो त्याच पाण्यासाठी विस्थापित झालेल्यांच्या बाजूने उभे राहिले. आमच्या मते चर्चेचा खरा मुद्दा हाच आहे. पुनर्वसनाचे प्रश्न इंदूरकरांना परके नाहीत, कारण नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडितातील निसरपूर व चिखलदा ही गावे आपल्या शेजारच्याच धार जिल्ह्यातील.

नर्मदाकाठच्या विस्थापित कुटुंबांशी ज्यांचा परिचय आहे, अशा सभासदांनी शुक्रवारपर्यंत कार्यवाहांना कळवावे, म्हणजे व्याख्यानानंतर त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवता येईल. चहापान 4.30 वाजता होईल.

— कार्यवाह