अंदमानला निघण्यापूर्वी : मुलीस पत्र

सांगली,
रविवार

चि. सौ. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

जानेवारीत तुम्ही दोघे अंदमानला जाणार हे ऐकून आम्हाला फार आनंद झाला. फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस की अनिरुद्धरावांना पोहता येत नाही, म्हणून समुद्राखाली तू एकटीच जाशील आणि ते किनाऱ्यावर पुस्तक वाचत बसतील. हे पत्र मुख्यतः त्या एका वाक्यासाठी आहे. फोनवर तुला निवांतपणा नसतो आणि तुझे बाबा मध्येच बोलतात, तेव्हा लिहिलेलेच बरे.

आम्ही स्वतः अंदमानला निघालो तेव्हा साठी उलटलेल्या माणसांनी सेल्युलर जेल पाहावे, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडावेत आणि सुखरूप परत यावे, पाण्यात उतरण्याच्या भानगडीत पडू नये, असा सल्ला नात्यागोत्यातल्या सर्वांनी दिला होता. तुझे बाबा कृष्णेत पोहत लहानाचे मोठे झालेले, त्यामुळे ते समुद्रात उतरणार हे गृहीतच होते. आणि पाणी कमरेच्या वर आले की जिचे पाय लटपटतात ती मी काठावर कपडे सांभाळत बसणार, हेही गृहीतच होते. प्रत्यक्षात पाण्याखाली जाऊन आले ते मी, आणि तुझे बाबा अर्ध्या वाटेवरून वर आले. असे का झाले ते नीट समजून घे, कारण अनिरुद्धरावांना त्याचाच उपयोग आहे.

स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंत ज्याला हॅवलॉक म्हणत त्या बेटावर, पहिल्यांदा स्कूबा (पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन बुडी) करणाऱ्याला पोहता येणे आवश्यक नसते. आधी प्रकृतीविषयी एक अर्ज भरून घेतात. त्यात दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाचे विकार असे सर्व विचारलेले असते आणि एखाद्या ठिकाणी ‘होय’ लिहिले तर डॉक्टरांचे पत्र मागतात. माझ्या रक्तदाबाच्या गोळीसाठी मी ते इथूनच घेऊन गेले होते. मग कमरेइतक्या पाण्यात गुडघ्यांवर बसवून तोंडाने श्वास घ्यायला, मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने फुंकून बाहेर काढायला आणि हाताच्या खुणा शिकवतात. वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘मला वर जायचे आहे’. छान असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवायचा. प्रशिक्षक सबंध वेळ तुमच्या पाठीवरचे सिलिंडर धरून बरोबर असतो आणि नवख्याला १२ मीटरांपेक्षा खोल नेत नाहीत.

या सगळ्यात एकच नियम असा आहे की ज्याला सूट नाही : श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे १० मीटर खोलीवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते आणि तिला बाहेर पडायला वाट नसेल तर फुप्फुसाला इजा होते. आता नदीत पोहणाऱ्या माणसाची आयुष्यभराची सवय नेमकी याच्या उलट असते. डोके पाण्याखाली गेले की तुझ्या बाबांचा श्वास आपोआप थांबायचा, प्रशिक्षक बोटाने बुडबुडे दाखवून आठवण करून द्यायचा, ते दोन श्वास घ्यायचे आणि पुन्हा थांबायचे. मला मोडायला सवयच नव्हती. वर्गातल्या सर्वांत भित्र्या मुलीप्रमाणे जे सांगितले ते मी शब्दशः केले आणि तेवढे पुरेसे झाले.

शिवाय बाबांना सर्दी होती आणि ती त्यांनी अर्जात लिहिली नव्हती. खाली जाताना कानाच्या पडद्यावर दाब येतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकले की आतला दाब सारखा होतो आणि कान मोकळा होतो. सर्दीत ती आतली नळीच बंद असते. तीन-चार मीटरांवर त्यांचा कान दुखू लागला, तेव्हा त्यांनी कानाकडे बोट दाखवले, मग अंगठा वर केला आणि ते शांतपणे वर गेले. मला त्यांचे त्या क्षणी फार कौतुक वाटले. कुणी पुरात मारलेल्या दहा उड्यांच्या कथांपेक्षा त्या अंगठ्यावर मी अधिक विश्वास ठेवीन.

खाली काय आहे ते सगळे लिहीत नाही, तू पाहशीलच. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष दे. जसजसे खाली जाऊ तसतसा तांबडा रंग सर्वांत आधी नाहीसा होतो. माझ्या नखांवरचे लाल नेलपॉलिश तिथे मळकट तपकिरी दिसत होते. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. समुद्राचा तळ निःशब्द असेल अशी माझी समजूत होती, पण तिथे कुणीतरी शेजारी बसून खडीसाखर चावत असावे असा सारखा कुरकुर आवाज येत होता. तो पोपटमाशांचा. ते चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतात, त्यावरचे शेवाळ पचवतात आणि उरलेला चुना बारीक वाळूच्या रूपाने मागे सोडतात. ज्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर लोक हात पसरून फोटो काढतात, त्यातली बरीचशी वाळू अशी माशांच्या पोटातून आलेली असते. मी भूगोल शिकवला तेव्हा हे ठाऊक असते, तर कोणत्याही वर्गाने पेंगण्याचे धाडस केले नसते.

तेव्हा अनिरुद्धरावांना आग्रह करू नकोस, पण किनाऱ्यावर बसवण्याचा निर्णयही तू घेऊ नकोस. उथळ पाण्यातला सराव त्यांनी करून पाहावा आणि पुढे जायचे की नाही ते तिथे त्यांचे त्यांनी ठरवावे. नको वाटले तर जवळच मोठ्या वल्ह्यांची कयाक आहे आणि ती माझ्या मते स्कूबाहून कमी नाही. अंधाऱ्या रात्री मार्गदर्शकाबरोबर कांदळवनातल्या खाडीत नेतात. पाण्यात एकपेशीय सूक्ष्मजीव असतात, ते ढवळले गेले की निळसर चमकतात. वल्हे टाकले की त्याच्याभोवती उजेडाचे भोवरे उठतात आणि हात बुडवला की बोटांवरून ठिणग्या निथळतात. कोकणच्या किनाऱ्यावरही काही वर्षी लाटा अशा उजळतात, परंतु तिथे किनाऱ्यावर दिवे फार. यासाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस हवेत. पौर्णिमेच्या चांदण्यात काही दिसणार नाही. दोघांच्या कयाकमध्ये मागे बसणारा दिशा सांभाळतो आणि पुढचा लय धरतो. पुढे बसून मागच्याला सूचना देत राहिले तर नाव तिवरांच्या मुळांत जाऊन अडकते. आमची अडकली. कोण पुढे बसले होते ते बाबांना विचार.

खाडीत मात्र हौसेने पोहायला उतरू नका. तिथल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी ही दंतकथा नाही. २०१० मध्ये स्वराज द्वीपावरच्या राधानगर किनाऱ्याच्या बाजूला पोहणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीने जीव घेतला. म्हणून काही किनाऱ्यांवर पाण्यात जाळी लावून पोहण्याची जागा आखलेली असते. त्या जाळीच्या आत राहा.

वेळेचे गणित आधीच मनात पक्के करा. अंदमान जवळजवळ ९३ अंश रेखांशावर, आपली सांगली साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास, आणि एका अंशाला ४ मिनिटे. म्हणजे सूर्य तिथे आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे, घड्याळ मात्र तेच. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि विषुववृत्ताजवळचा संधिप्रकाश अल्पजीवी असतो. तुम्ही पुण्याच्या सवयीने दहाला न्याहारी केलीत तर अर्धा दिवस हातचा गेला. स्वराज द्वीपावरच्याच एलिफंट बीचला बहुतेक जण बोटीने जातात, पण तुम्ही जंगलातून चालत जा, तेही वाटाड्या घेऊन आणि सकाळीच. वाट शेवटी कांदळवनातल्या चिखलातून जाते, पट्टे असलेले सँडल घाला. किनाऱ्यावर पोहोचल्यावर उन्हापावसाने पांढरी पडलेली प्रचंड झाडे आडवी पडलेली दिसतील. २००४ च्या सुनामीने त्या किनाऱ्याचे रूपच बदलले.

बाराटांग बेटाविषयी तू विचारले होतेस. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहण्याची मला किती इच्छा होती ते तुला सांगायला नको, तरीही आम्ही गेलो नाही. तो रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. ठरलेल्या वेळी गाड्यांचे ताफे सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला मनाई आहे, आणि तरी गाडीतली बहुतेक माणसे जारवा दिसतात का म्हणून काचेला नाक लावून बसलेली असतात. त्या पट्ट्यातला रस्ता बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता. एखाद्याच्या घरातून, त्याला पाहायला म्हणून, गाड्या नेणे मला पटले नाही. तुम्ही काय करावे हे मी सांगत नाही.

त्याऐवजी शहीद द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या नील बेटाला, एक मुक्काम जास्त ठेवा. तिथला लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच गाठता येतो आणि खडकांतल्या डबक्यांत अडकलेली समुद्रकाकडी, खेकडे, छोटे प्रवाळ निवांत पाहता येतात. शंख-शिंपले, पोवळ्याचा तुकडा, काहीही पिशवीत टाकू नका. कायद्याने मनाई आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

शेवटी दिवसांच्या क्रमाविषयी. स्कूबा आधी आणि सेल्युलर जेल अखेरीस ठेवा. पाण्याखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो, म्हणून त्यानंतर निदान १८ तास विमानात बसायचे नाही. परतीच्या विमानापूर्वी एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा, कारण समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि त्याला कुणाचाच इलाज नसतो. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा वादळाच्या वेळी हजाराहून अधिक पर्यटक स्वराज द्वीपावर असेच अडकून पडले होते. जेलविषयी इथे लिहीत नाही, त्याला स्वतंत्र पत्र हवे.

तिकिटे काढण्यापूर्वी तारखा कळव. मी पंचांग पाहून अमावास्या सांगते. त्याच सुमारास भरती-ओहोटी मोठी असते, तेव्हा पुलाचेही त्यातच जमेल. अनिरुद्धरावांना नमस्कार सांग, आणि सर्दी झाली असेल तर अर्जात लिहायला सांग.

तुझी,
आई