माळ गाठवून देणाऱ्या पटवेकरीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आईची तुळशीची जपमाळ तुम्ही गाठवून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. हे चारचौघांत सांगावंसं वाटलं, कारण हीच माळ तुमच्याआधी दोन दुकानांत बिघडवून मिळाली होती.

एकाने ती इलॅस्टिकवर ओवली. अंगठ्याने मणी ओढला की इलॅस्टिक ताणतं, सोडला की मणी मागे येतो आणि तोच पुन्हा मोजला जातो. दुसऱ्याने नायलॉन घेतला आणि मण्यांमध्ये गाठीच मारल्या नाहीत. अशी माळ कुठेही तुटली तरी सगळे मणी घरभर होतात. मेरूमणी, म्हणजे जिथे माळेची फेरी पुरी होते तो मणी, तोही इतर मण्यांएवढाच घातला. गोमुखीत, म्हणजे जपाच्या कापडी पिशवीत, हात असताना मेरू दिसत नाही, तो बोटाला कळावा लागतो. नाही कळला तर माळ तिथून उलटायची राहते, मेरू ओलांडला जातो आणि किती माळा झाल्या याचा पत्ता लागत नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, 'देवाला भाव लागतो.' लागतो, पण तो जप करणाऱ्याचा! १०८ मधले शंभर जमेला धरायचे आणि वरचे आठ चुकल्यामाकल्याचे, असं जुनी माणसं सांगतात. त्या आठांवर ओवणाऱ्याचा हक्क नाही.

तुम्ही सुरुवातच मणी मोजण्यापासून केलीत. १०६ भरले. मग एकेका मण्याचं भोक उजेडात धरून पाहिलंत. ज्याची कड धारदार तो आतून दोरा कापतो, म्हणून तेवढे मणी घासून घेतलेत. दोन मणी कमी होते, तर तुमच्या डब्यातले जुने, हाताळून काळपट झालेले शोधून घातलेत, कारण नवी तुळस फिकी दिसते. ८ मिलिमीटरचे १०८ मणी नुसते ओळीने ठेवले तर ८६ सेंटिमीटर होतात. तुम्ही मेण लावलेला सुती दोरा तीन मीटर घेतलात, कारण बाकीचा गाठींत जातो. गाठ आवळायच्या आत तिच्यात सुई घालून ती मण्याजवळ आणायची, हे तुमच्या हातून इतकं सहज होत होतं!

पण आभार मुख्यतः एका गोष्टीचे. दहा-बारा मणी झाल्यावर तुम्ही ती अर्धवट माळ आईच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "मावशी, डोळे मिटून नाम घ्या, ओढून बघा." माळ मधल्या बोटावर, तर्जनी बाजूला, मणी ओढायचा अंगठ्याने. आईचा अंगठा संधिवाताने आखडलाय. एका नामाला दोन मणी सरकत होते. तुम्ही एक शब्द न बोलता सगळ्या गाठी सोडवल्यात आणि दोन मण्यांत तांदळाचा दाणा मावेल एवढी फट ठेवून पुन्हा बांधायला घेतल्यात. जप करणाऱ्याची बोटं कशी आहेत, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आता आईचं नाम आणि मणी बरोबर चालतात. मोजण्याकडे लक्ष द्यावं लागत नाही, म्हणून मन नामावर राहतं. माळेचं काम तरी दुसरं काय असतं?

गिऱ्हाईक दाराबाहेर पडल्यावर फट कोण मोजायला जातं? तरी ती नीट ठेवणारी माणसं बाजारात बसलेली आहेत, याचा फार आधार वाटतो. अशांची दुकानं चालावीत, त्यांच्या हाताखाली पोरं शिकावीत.

तुम्ही सांगितलंत ते पाळतोय. माळ पाण्यात घालत नाही, कारण तुळशीचं लाकूड भिजून फुगतं आणि वाळताना चिरतं. कोरड्या फडक्याने पुसतो, कधीतरी तिळाच्या तेलाचा थेंब फडक्यावर घेऊन. माळ उलटते ती मेरूपाशी, म्हणून दोरा तिथेच आधी झिजतो. तिथे तो विसविशीत दिसला की तुटायची वाट न बघता तुमच्याकडे येऊ. तेव्हा त्या दोन मण्यांचे पैसे मात्र घ्यायचे, आईने बजावून सांगितलंय.

आपला कृतज्ञ,
मावशींचा मुलगा