पासच्या जाळ्याखाली दोन ओळी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फुटबॉलच्या वृत्तांतासोबत हल्ली पासचे जाळे छापून येते. खेळाडू म्हणजे ठिपका आणि दोघांत जितके पास, तितकी रेघ जाड. चित्र देखणे असते. पण ते कोणत्या मिनिटापर्यंतचे आणि किमान किती पास झाल्यावर रेघ ओढली, हे खाली नसेल तर त्यावरची चर्चा हवेतच राहते.

अकरा जणांत दिशा धरून ११० जोड्या होतात. सगळ्या दाखवल्या तर नुसता गुंता, म्हणून कमी पासच्या जोड्या गाळतात. ही मर्यादा तीनवरून सहावर नेली की स्ट्रायकर (गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणारा) एकटा पडल्यासारखा दिसतो, कारण त्याच्याकडे पास थोडे आणि तेही अनेकांकडून विखरून येतात. जाळे पहिल्या बदलीपर्यंतचेच काढणे बरे. पूर्ण सामन्याचे हवेच असेल, तर पासांना ती जोडी एकत्र खेळली त्या मिनिटांनी भागावे. ठिपक्याची जागा सरासरीची असते, हेही लक्षात ठेवायला हवे: अर्धा वेळ डावीकडे आणि अर्धा वेळ उजवीकडे खेळलेला विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) चित्रात मैदानाच्या मधोमध येतो, जिथे तो फारसा फिरकलेलाही नसतो.

खरी मेख ‘दुवा कोण’, म्हणजे इतरांना जोडणाऱ्या पासच्या वाटा कोणातून जातात, हे मोजताना आहे. हे गणित सर्वांत जवळच्या वाटा शोधते आणि बहुतेक सॉफ्टवेअर रेघेच्या आकड्याला अंतर समजते. म्हणून आधी १ भागिले पाससंख्या करावे लागते. ते राहून गेले, तर परस्परांना तीस पास देणारे सेंटरबॅक (मधले बचावपटू) ‘लांब’ आणि एकच पास झालेले गोलकीपर-स्ट्रायकर ‘जवळ’ ठरतात. संगणक कुरकुरत नाही; उत्तर नेहमीसारखेच साळसूद दिसते.

संशोधक थॉमस ग्रुंड यांनी २०१२ मध्ये इंग्लिश प्रीमियर लीगच्या ७६० सामन्यांवरून दाखवले की, पास मोजक्या खेळाडूंभोवती एकवटले की संघाची कामगिरी घसरते. मात्र एका सामन्याच्या चित्रावरून हा नियम लावू नये. आघाडी मिळाली की संघ खेळ बदलतो आणि जाळेही बदलते, तेव्हा बरोबरीतली आणि आघाडीतली मिनिटे वेगळी काढलेली बरी.

नुसते पास मोजले की मागे चेंडू फिरवणारे बचावपटूच ‘केंद्रस्थानी’ येतात. युरो २००८ या स्पर्धेच्या अभ्यासात संशोधक जॉर्डी डच (Jordi Duch) आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी गोलवरचे फटकेही जाळ्यात धरले आणि त्या फटक्यापर्यंत पोचणाऱ्या पासच्या साखळ्यांत कोण किती वेळा येतो, ते मोजले. आपल्या क्रीडापानावर असा एक तक्ता आला, तर जाळ्यापेक्षा तो जास्त सांगून जाईल.

आपला,
क्रीडा-सांख्यिकीचा एक अभ्यासक