हागीचा वाडगा आणि भिंतीवरचा खिळा

क्योटो,
२३ जून

प्रिय गड्या,

काल रात्री माझा हागीचा वाडगा पहिल्यांदाच गळला नाही. हागी म्हणजे इथलं कुंभारकामासाठी नावाजलेलं गाव. चहा संपवून तो उचलला, खालच्या फळीवरून हात फिरवला, फळी कोरडी ठणठणीत. लगेच तुला फोन लावणार होतो, पण हे फोनवर नीट सांगता येणार नाही असं वाटलं, म्हणून लिहायला बसलोय. बाहेर पाऊस धरलाय. इथल्या या पावसाळ्याला त्सुयू म्हणतात. आपल्या मृगासारखा कोसळत नाही, दिवसभर नुसता रिपरिपत राहतो.

हा वाडगा सहा वर्षांपूर्वी तोजीच्या बाजारात मिळाला. तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो, कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या पुण्यतिथीची तारीख ती. कुडाळच्या आठवडी बाजारासारखंच, उजाडताना जो पोचतो त्याला चांगलं मिळतं. जुने किमोनो, लोखंडी किटल्या, कुणाच्या तरी आजीच्या फण्या. त्या पसाऱ्यात एका म्हाताऱ्या बाईंसमोर किरीच्या लाकडाची पेटी होती, रिकामी वाटावी इतकी हलकी. झाकणावर काळ्या शाईत ‘हागी, चहाचा वाडगा’, खाली कुंभाराचं नाव आणि लाल शिक्का. आत पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला वाडगा. ते फडकं पूर्वीपासून हळदीत रंगवतात, कसर लागू नये म्हणून. हळद दिसली आणि मी तिथेच बसकण मारली. बाई म्हणाल्या, यजमानांनी हौसेने घेतला, चाळीस वर्षं कपाटात राहिला, एकदाही वापरला नाही.

घरी आणून चहा केला तर बुडातून ओल. टेबलावर गोल डाग. मला वाटलं, तडकलेला गळ्यात मारला. मला चहाचा विधी शिकवणाऱ्या सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणाल्या, तहानलाय तो, रोज पाणी पाज. हागीची माती कमी भाजलेली, सच्छिद्र असते. भट्टीतून निघून गार होताना माती आणि वरचा चकचकीत लेप सारखे आक्रसत नाहीत, म्हणून लेपाला केसासारख्या बारीक चिरा पडतात. चहा त्या चिरांत शिरतो, मुरतो, वर्षानुवर्षं रंग पालटत जातो. याला इथे ‘हागीची सात रूपं’ म्हणतात. माझा वाडगा आला तेव्हा दुधात कणभर केशर पडल्यासारखा होता. आता ओठ लागतात तिथे तांबूस झालाय, आणि आतून जाळं उमटलंय. बुडाच्या कड्याला एक खाच आहे. उचलताना बोट आपोआप तिथे जातं. गेल्या सहा वर्षांत मी तो न बघताही ओळखू लागलोय, त्या खाचेवरून.

हे कुंभारकाम इथे आलं कसं, तेही सांगतो, कारण ते मला विसरता येत नाही. १५९२ ते १५९८ या काळात जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या फौजा कोरियावर दोनदा चालून गेल्या. परतताना त्यांनी कोरियन कुंभारांना आणलं, हागीची परंपरा त्यांच्यापासून. ज्या हातांनी हे रूप घडवलं ते हात आपला गाव सोडून आलेले होते. त्याच हिदेयोशीने १५९१ मध्ये आपला चहागुरू सेन नो रिक्यू याला पोट फाडून घ्यायला लावलं. चहाच्या शांत खोलीबद्दल इथे फार गोड लिहिलं जातं. हे दोन्ही माहीत असल्यावर मला ती शांतता अधिक मोलाची वाटते.

रिक्यूच्या सांगण्यावरून चोजिरो या कारागिराने जे वाडगे केले ते राकू. चाक नाही, दोन्ही हातांनी दाबून, सुरीने खरवडून आकार द्यायचा. काळा राकू तर लालबुंद असतानाच चिमट्याने भट्टीबाहेर ओढतात, चिमट्याची खूण कधीकधी अंगावर राहते. माझ्याकडे एक आहे, आणि त्याच्यापायी मी फसलो होतो, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. एका दुकानातून घेतला, पेटीवर मोठ्या घराण्याचं नाव. दोन महिन्यांची शिल्लक गेली. सेन्सेईंनी वाडगा पेटीत ठेवला, पेटी जराशी हलवली. आत ‘टक’ आवाज झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसतं म्हणाल्या, “जोडलेली पेटी.” खरी पेटी वाडग्याच्या मापाने करतात, तो तिच्यात हलत नाही. म्हणजे मी लाकडावरच्या अक्षरांचे पैसे मोजले होते. खूप लागलं मनाला. तेव्हापासून आधी वाडगा उलटा करून बूड बघतो, पेटी सगळ्यात शेवटी.

पुढे हाच राकू नळाला आपटून त्याच्या काठाचा टवका उडाला. मग मी किंत्सुगी शिकायला गेलो. उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने तुकडा सांधायचा, वर सोन्याची पूड. तिसऱ्या दिवशी दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले. ओल्या काजूंचा चीक लागून आपल्या बोटांची सालं निघायची, आठवतं? उरुशी त्याच कुळातलं झाड, काजू, बिब्बा, आंबा यांच्या. सुजलेल्या हातांकडे बघून मला तुमची परसदारची काजूची झाडं दिसली. आणि गंमत अशी की हा चीक उन्हात वाळत नाही, त्याला दमट हवा लागते. त्सुयूत तो छान धरतो. राकूच्या काठावर आता बोटभर सोनेरी रेघ आहे, आणि पेटीवरचं नाव मी वाचायचं सोडून दिलंय.

आता माझ्याकडच्या मुखवट्याचं. तीन वर्षांपूर्वी शिनमोन्झेन रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानातून ‘नो’ या इथल्या जुन्या नाट्यप्रकारातली को-ओमोते घेतली, कोवळ्या मुलीचा चेहरा. हिनोकीचं लाकूड, त्यावर शिंपल्याच्या पुडीचे आणि सरसाचे थर. भुवया पुसून कपाळावर उंच रंगवलेल्या, दात काळे, ओठ अर्धवट उघडे. इथले नट मुखवटा म्हणत नाहीत, ‘ओमोते’ म्हणतात, चेहरा. आणि धरायचा तो कानाशी दोरीची भोकं असतात तिथेच, चेहऱ्याला बोट लावायचं नाही. थोडा वर उचलला की तो उजळतो, खाली झुकवला की त्यावर ढग येतो. नटांचे शब्दही हेच, उजळणं आणि झाकोळणं. मी तो भिंतीवर टांगला. दिव्याखाली रोज बघायचो. पण खिळ्यावर तो एकाच कोनात अडकलेला. वर्षभरात मला त्याच्याकडे बघवेना.

मागच्या महिन्यात नो शिकवणारे एक आजोबा घरी आले. त्यांनी पुढून जेमतेम पाहिलं, आणि उलटा केला. आतल्या बाजूला छिन्नीचे फटकारे, कपाळाशी आणि हनुवटीशी लाकूड काळं पडलेलं. “घाम आहे हा,” म्हणाले. म्हणजे कोणीतरी हा चेहरा घालून नाचलं होतं. त्यांनी आधी मुखवट्याला वाकून नमस्कार केला, मग तो चेहऱ्यासमोर धरला आणि तसूभर झुकवला. माझ्या अंगावर काटा आला. ती मुलगी खाली बघत होती, गड्या. खरंच बघत होती. जत्रेत दशावतारी मंडळी पेटाऱ्याला हात जोडून मगच गणपतीचं तोंड बाहेर काढायची, आपण दोघं पेंगुळलेल्या डोळ्यांनी पुढे सरकायचो, ते सगळं एकदम आठवलं.

मी तो मुखवटा त्यांना देऊन टाकला. तू फोनवर मला वेड्यात काढशील हे ठाऊक आहे, पण वाडगा मी वापरू शकतो, चेहरा नाही. भिंतीवर खिळा तेवढा राहिलाय, तो अजून काढवला नाही.

नोव्हेंबरात त्यांच्या शिष्यांचा प्रयोग आहे, त्यात ती को-ओमोते मंचावर येईल. त्याच महिन्यात चहाच्या खोलीत जमिनीतली चूल उघडतात, चहावाल्यांचं नवं वर्षच ते. तेव्हा ये. हागीचा वाडगा तुझ्यापुढे ठेवीन, त्याची दर्शनी बाजू तुझ्याकडे करून. तू तो थोडा फिरवून घे, दर्शनी बाजूला ओठ लावत नाहीत.

वहिनींना नमस्कार. आणि काकींना विचार, लोणच्याची ती मोठी चिनी मातीची बरणी अजून वापरात आहे का. कानाशी टवका उडालेली.

तुझाच