दादा, पाणी चढायच्या आधी अण्णांना बार्शीला ने

गॉलवे, आयर्लंड
12 ऑक्टोबर 2025

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायला गेले की मागं आई रडायला लागते आणि सांगायचं राहून जातं. म्हणून लिहिते. वहिनींना वाचून दाखव आणि कागद अण्णांच्या फायलीत ठेव.

घट बसले त्या आठवड्यात अण्णांचं एक डायलिसिस चुकलं. यात तुमचा कुणाचा दोष नाही. सीना शिवारात शिरली, पुलावरून पाणी गेलं, बार्शीचा रस्ता बंद झाला. परंडा तालुक्यात माणसं हेलिकॉप्टरनं काढायची वेळ आली. तू 108 ला फोन लावलास, गाडी निघालीसुद्धा, पण ओढ्याच्या पलीकडंच थांबली. त्या वाहत्या पाण्यात ड्रायव्हर तरी गाडी कशी घालणार? अण्णा माळवदावर बसून होते आणि मी इथं दुसऱ्यांच्या वडिलांना मशीन लावत होते. ते दिवस कसे काढले, माझं मला माहीत.

तेव्हापासून जानेवारीतली एक रात्र डोक्यातून जात नाही. 24 जानेवारीला, शुक्रवारी, इथं एओविन वादळ आलं. आमच्या जिल्ह्यात मेस हेडला ताशी 180 किलोमीटरच्या वर वारा मोजला गेला. या देशात एवढा वारा आधी कधी नोंदलाच नव्हता. साडेसात लाखांवर ग्राहकांची वीज गेली. पंप बंद पडून कित्येक घरांचं पाणीही गेलं. बस, रेल्वे बंद. ठरलेल्या तपासण्या रद्द. डायलिसिसला तर वीजही लागते आणि पाणीही. एका माणसाच्या चार तासांना मशीनमधून सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी जातं. तरी मी काम करते त्या डायलिसिस विभागातल्या एकाचंही डायलिसिस चुकलं नाही.

कारण साधंच होतं. लाल इशारा बुधवारी आला आणि आम्ही लगेच यादी घेऊन फोनला बसलो. शुक्रवारच्या सगळ्यांना गुरुवारीच बोलावलं, रात्रपाळी लावली, काहींचे तास थोडे कमी केले. रात्री दहाला कॉनेमाराकडचे एक मेंढ्या पाळणारे आजोबा आले, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हाताला अण्णांसारख्याच भेगा. म्हणाले, "पोरी, बाहेर तर काहीच नाही." खरंच काही नव्हतं. मी त्यांच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला हातात जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवलं, मांजर घुरघुरतं तशी रक्त वाहतंय हे सांगणारी थरथर लागली, आणि मशीन सुरू केलं. पहाटे खिडक्या हादरायला लागल्या तेव्हा ते घरी पोचून झोपले होते.

दादा, आपल्याकडं हेच जड जातं. आपला सगळा जन्म पावसाची वाट बघण्यात गेला. टँकरमागं घागरी घेऊन पळालेली माणसं आपण. आभाळ भरून आलं म्हणून घर सोडायचं आपल्याला सुचतच नाही. पण पुढच्या पावसाळ्यात हवामान खात्याचा लाल किंवा नारंगी इशारा आला, नाहीतर धरणातून पाणी सोडणार असं कळलं, की ऊन पडलेलं असलं तरी अण्णांना बार्शीला आत्याकडं ने. डायलिसिसवाल्यांना आधीच फोन करून विचार, एक दिवस अलीकडं घेता येईल का. फाईल, गोळ्या, चष्मा एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलंच असू दे.

आणि रस्ता बंद झालाच तर खाण्यापिण्याचं फार सांभाळा. पोटॅशियम वाढलं की थेट हृदयावर येतं, पाणी वाढलं की छातीत भरतं. मदतीच्या पाकिटात केळी आणि फरसाण होतं, असं वहिनी म्हणाल्या. देणाऱ्यानं मायेनं दिलं, पण अण्णांना दोन्ही चालत नाही. शहाळ्याचं पाणीही नको. भात द्या, मीठ अगदी कमी. पाणी डॉक्टरांनी सांगितलंय त्याहूनही मोजून. धाप लागली, हातपाय गळाले, छातीत धडधडलं, तर सकाळची वाट न बघता 108 आणि जिल्ह्याच्या आपत्ती मदतीच्या 1077 वर कळवा, आणि पेशंट डायलिसिसवरचा आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंशीही एकदा बोल. दिवस भरत आलेल्या बायांची यादी त्यांच्याकडं असते. त्यांना सुद्धा पाण्याच्या आधीच दवाखान्याजवळ हलवायला पाहिजे. त्याच यादीत अण्णांचं नाव घालायला सांग, आणि वरच्या आळीतल्या ऑक्सिजन मशीनवरच्या काकूंचंही. इथं अशा घरांची नावं वीज कंपनीकडं नोंदवलेली असतात. आपल्याकडं नसतील, तर निदान गावाला तोंडपाठ असू देत.

घराच्या भिंतीला ओल असेल, दिवाळीला सारवायची घाई करू नका. पैसे पाठवलेत, आधी बियाणाचं बघ.

वहिनींना सांग, रोज सकाळी अण्णांच्या हातातल्या फिस्टुलावर बोट ठेवून थरथर बघायची. लागली की मला नुसता अंगठा पाठवायचा. थांबलीय असं वाटलं तर त्याच घडीला दवाखाना, मला फोन नंतर.

आई-अण्णांना शि. सा. न., पोरांना गोड पापा.

तुझी धाकटी